जर्मनीत प्लंबर आणि हीटिंग टेक्निशियन एकच का? प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिले उद्दिष्ट १०,००० जणांचे होते. मागणीच्या यादीत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, सुतार यांच्याबरोबर प्लंबर आणि हीटिंग टेक्निशियनही होते. आपल्याकडे ही दोन नावे वेगळी छापली गेली, कारण आपल्या डोक्यात ती दोन कामे आहेत. जर्मनीत २००३पासून त्यांचे प्रशिक्षण एकच आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र तिकडे पूर्ण का धरले जात नाही, याचे अर्धेअधिक उत्तर या एका गोष्टीत आहे.

जुना इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात शहरांत गॅसचे दिवे आले तेव्हा नळ्या जोडण्याचे काम पत्राकाम करणाऱ्या कारागिरांकडे गेले. मग घराघरांत पाणी आले आणि तेही त्यांच्याकडेच आले. १८९२च्या कॉलऱ्यात हॅम्बुर्गमध्ये ८,६००च्या आसपास माणसे दगावली. एल्बे नदीचे न गाळलेले पाणी तिथे थेट नळाला येत होते. शेजारच्या आल्टोनात पाणी गाळून दिले जाई आणि तिथे साथीचा जोर फार कमी राहिला. त्यानंतर पाण्याची नळी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला, तो आजतागायत. शिकाऊ मुलाला शिकवण्याचा अधिकार फक्त मास्टर कारागिराला, म्हणजे त्या व्यवसायातली वरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला, हा नियम १९०८चा. आठवड्यातले काही तास शाळा आणि बाकी काम, ही पद्धत म्युनिकसारख्या शहरांत १९००च्या सुमारास रुळू लागली होती. १९५३च्या कायद्याने स्वतःचा व्यवसाय चालवायला मास्टरची अट देशभर पक्की केली आणि १९६९च्या कायद्याने कंपनीतले प्रशिक्षण व व्यवसायशाळा यांची सांगड एका चौकटीत बसवली. २००४मध्ये ५३ व्यवसायांमधून मास्टरची अट निघाली, पण गॅस, पाणी आणि हीटिंग यांना हात लावला गेला नाही. गॅसची गळती किंवा दूषित पाणी जिवावर बेतते, हे कारण तेव्हाही पुरेसे होते.

आता मूळ मुद्दा. १९९०च्या दशकापर्यंत जर्मनीत दोन स्वतंत्र व्यवसाय होते. एक गॅस आणि पाण्याची जोडणी करणारा, दुसरा सेंट्रल हीटिंग आणि वायुवीजन बसवणारा. दोघांचेही प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे. १९९८मध्ये मास्टरच्या पातळीवर दोन्ही एक झाले. २००३मध्ये शिकाऊ उमेदवारांचे अभ्यासक्रमही एक झाले आणि सॅनिटरी, हीटिंग व एअर कंडिशनिंग या तिन्हींसाठी एकच पदवीनाम आले. मुदत मात्र साडेतीन वर्षांचीच राहिली. साडेतीन अधिक साडेतीन यांचे उत्तर साडेतीन! हा निर्णय वादग्रस्त ठरला यात नवल नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आजही वजनदार वाटते. हीटिंगमधले पाणी बंद चक्रात फिरते. बॉयलरमधून रेडिएटरकडे जाते, थंड होऊन परत येते. ते कोणी पीत नाही. पिण्याच्या पाण्याची नळी याच्या अगदी उलट. तिथे नळाची तोटी आणि बेसिनची कड यांच्यात हवेची मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर तुंबलेले पाणी उलटे नळीत ओढले जाण्याचा धोका राहतो. एखादा बाथरूम काढून टाकल्यावर भिंतीत बंद टोकाची नळी राहिली, तर तिच्यात पाणी साचून राहते आणि जंतू वाढतात. ही नजर तयार व्हायला वेळ लागतो. त्यात बरीचशी मुले छोट्या दुकानांत शिकतात. दुकान वर्षभर जुने बॉयलर बदलण्याचेच काम घेत असेल, तर मुलगा साडेतीन वर्षांत एक बाथरूमही पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधत नाही. ही उणीव भरून काढायला सामाईक प्रशिक्षण केंद्रांतले काही आठवडे असतात. ते उपयोगी आहेत, पण प्रत्यक्ष साइटची जागा घेऊ शकत नाहीत.

तरीही एकत्र करण्याचा निर्णय बरोबरच होता असे माझे मत आहे, आणि त्याला कारण उष्ण पाण्याची टाकी. लेजिओनेला हा जंतू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात वाढतो. म्हणून मोठ्या इमारतींत साठवलेले गरम पाणी ६० अंशांना ठेवावे आणि फिरून परत येणारे पाणी ५५च्या खाली जाऊ नये, असा दंडक आहे. दुसऱ्या बाजूला हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राला, कमी तापमान हवे असते. जमिनीखालच्या हीटिंगला ३५ अंशांचे पाणी पुरते, आणि तापमान जितके खाली, तितके विजेचे बिल कमी. म्हणजे एकाच यंत्राकडे पाणीवाला ६० मागतो आणि हीटिंगवाला ३५. दोन वेगळे कारागीर वेगवेगळ्या दिवशी येऊन गेले तर एकतर वीज वाया जाईल, नाहीतर टाकीत जंतू वाढतील. दोन्ही बाजू कळणारा एकच माणूस इथे हवा. वाद व्हायला हवा होता तो मुदतीवर. चार वर्षे दिली असती तर निम्मे आक्षेप तिथेच संपले असते.

२०१६मध्ये अभ्यासक्रम सुधारला तेव्हा मधला मार्ग निघाला. पाया सगळ्यांना सारखा, शिवाय सॅनिटरी, हीटिंग, वायुवीजन-एअर कंडिशनिंग किंवा अक्षय ऊर्जा यांपैकी एका क्षेत्रात अधिक काम. परीक्षाही दोन भागांत होते, पहिला भाग प्रशिक्षणाच्या मधेच. एक गोंधळ मात्र तसाच राहिला. नव्या पदवीनामातला पहिला शब्द, ‘आनलागेनमेखानिकर’, जर्मनीत कारखान्यांतल्या पाइपलाइन आणि टाक्या बांधणाऱ्या वेगळ्या व्यवसायालाही लावतात. नोकरीची जाहिरात वाचताना पुढचे ‘सॅनिटरी, हीटिंग’ हे शब्द आहेत की नाहीत, ते आधी बघावे.

याचा आपल्या मुलांशी संबंध येतो तो २०१२च्या कायद्यामुळे. परदेशी प्रमाणपत्राची तुलना आज चालू असलेल्या जर्मन अभ्यासक्रमाशी करायची, असे त्या कायद्याने ठरवले. आपला प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यात पाइप कापणे, आटे पाडणे, जॉइंट, सॉकेट, एल्बो, व्हॉल्व्ह, ड्रेनेज, प्रेशर टेस्ट हे सारे येते. गरम पाणी म्हणजे गिझर आणि सोलर. रेडिएटर, बॉयलर, परिसंचरण पंप, एक्सपान्शन टाकी यांच्याशी रोजचा संबंध येत नाही, कारण आपल्या घरांना त्यांची गरजच नाही. जुना गॅस-पाण्याचा व्यवसाय वेगळा राहिला असता तर आपल्या प्लंबरची तुलना त्याच्याशी झाली असती आणि अंतर बरेच कमी दिसले असते. आता ती तिहेरी अभ्यासक्रमाशी होते. त्यामुळे समतुल्यता मिळालीच तर अंशतः मिळते, आणि काय कमी आहे त्याची यादी हातात पडते. कामाचा अनुभव जमेस धरला जातो, म्हणून अनुभवाची पत्रे कामांच्या तपशिलासह घ्यावीत. ‘प्लंबर म्हणून पाच वर्षे’ एवढ्या एका ओळीने काही सिद्ध होत नाही.

२०२४मध्ये दोन नवे दरवाजे उघडले. एक, नोकरी करता करता मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करण्याचा. दुसरा, गुणांच्या आधारे नोकरी शोधायला जाण्याचा. दोन्हीकडे मायदेशातले प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे हवे, आणि इथे एक वर्षाचा ट्रेड अडतो. करारांच्या बातम्यांत ही अट ठळकपणे यायला हवी होती. कुटुंबे कर्ज काढून भाषेचे वर्ग लावतात, त्यांना ती आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे. वय कमी असेल तर तिकडे शिकाऊ उमेदवार म्हणून पहिल्यापासून साडेतीन वर्षे करण्याचा मार्ग मला जास्त सरळ वाटतो. त्याला साधारण बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन लागते, पण विद्यावेतन मिळते आणि शेवटी हातात येणाऱ्या प्रमाणपत्रावर कुणी शंका घेत नाही.

दरम्यान तिकडची मागणीही बदलते आहे. १ जानेवारी २०२४पासून लागू झालेल्या इमारत ऊर्जा कायद्यात नव्या हीटिंगसाठी ६५ टक्के अक्षय ऊर्जेची अट आली. तिच्यावर प्रचंड राजकीय भांडण झाले, पण त्या काळात हीट पंप प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी आला. त्यातून दोन व्यवसायांमधल्या सीमेचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा आहे. मोनोब्लॉक हीट पंपात शीतवायूचे (फ्रीज-एसीत फिरतो तशा वायूचे) सर्किट कारखान्यातच सीलबंद होते. बसवणाऱ्याला फक्त पाण्याच्या नळ्या जोडायच्या असतात. स्प्लिट प्रकारात मात्र शीतवायूच्या नळ्या साइटवर जोडाव्या लागतात आणि त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. शीतकरणाचा व्यवसाय जर्मनीत आजही स्वतंत्र आहे. युरोपच्या २०२४च्या नियमांनी प्रमाणपत्राची कक्षा प्रोपेनसारख्या वायूंपर्यंत वाढवली. आपल्याकडे हे ज्ञान फ्रीज-एसीच्या दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये आहे. त्या मुलाला शीतवायूचे सर्किट कळते, किमान दोन वर्षांची अटही तो पूर्ण करतो, पण पाण्याची जोडणी त्याला शिकवलेली नसते. प्लंबरचे नेमके उलटे. हे दोन ट्रेड आयटीआयच्या एकाच आवारात, शेजारशेजारच्या वर्कशॉपमध्ये चालतात. दोन्हीकडच्या मुलांना जोडणारा एखादा छोटा अभ्यासक्रम राज्याने आधी इथेच सुरू करावा. त्यासाठी जर्मनीच्या परवानगीची गरज नाही.