जुन्या पत्रांचं जतन (ग्रामीण विदर्भ)

घरोघरी पडून असलेली पोस्टकार्डं, आंतरदेशीय, पाकिटं आणि त्याआधीचे मोडी लिपीतले कागद नोंद करून, पुढच्याला वाचता येतील असे सांभाळणं म्हणजे पत्रांचं जतन. सरकारी दप्तरासाठी नागपूरला पुराभिलेखागार आहे, पण मामाने भाच्याला कापसाचा भाव कळवलेलं कार्ड तिथं कोण नेणार, ते कवेलूच्या (कौलारू) घरात माळ्यावरच राहतं.

खेड्यात पत्र वाचून झालं की भिंतीला टांगलेल्या वाकड्या तारेत ओवून टाकायचे. मधोमध भोक पडायचं, गंजाचा डाग लागायचा, पण क्रम पक्का राहायचा, सगळ्यात खालचं ते सगळ्यात जुनं. म्हणून तार दिसली की लगेच पत्रं उपसू नये, आधी फोटो घ्यावा, मग एकेक काढताना मागं पेन्सिलीने बारीक नंबर टाकावा (पेनाने नाही). विषयवार गठ्ठे लावायचा मोह होतो, तो टाळलेला बरा, एकदा क्रम मोडला की कोणतं पत्र कशाचं उत्तर होतं ते कळत नाही.

निधनाचं कार्ड मात्र वाचलं की फाडायचे, घरात ठेवायचे नाहीत. त्यामुळे तारेवर कुंकू लावलेली लग्नाची पत्रं भरपूर आणि मरणाची जवळपास नाहीतच, आजी कधी गेली हे शोधायचं तर 'आजीस शि.सा.न.' (शिरसाष्टांग नमस्कार) ही ओळ कोणत्या पत्रापासून गायब झाली ते बघावं लागतं. अशा संग्रहात जे नाही तेही नोंदीत लिहावं असं माझं तरी मत आहे.

तारीख काढणं हे वेगळंच काम. शके लिहिलं असेल तर साधारण 78 मिळवायचे. पोस्टकार्ड आपल्या देशात 1879 पासून आहे, आंतरदेशीय 1950 पासून, आणि पत्त्यात 44 ने सुरू होणारा पिनकोड असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचंच. शिक्का पत्त्याच्या बाजूला असतो म्हणून स्कॅन दोन्ही बाजूंचं करावं, बरेच जण फक्त मजकुराचं करतात आणि फसतात.

गावाचं नाव कार्डावर आहे तसंच उतरवावं. वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजी 1936 मध्ये राहायला आले तेव्हा त्यांची डाक बुलढाण्याच्या शेगावकडे भरकटायची, शेवटी 1940 मध्ये गावाचंच नाव सेवाग्राम झालं. म्हणजे 'सेगाव, वर्धा' असा पत्ता आपोआप काळ सांगतो, आणि नोंदीत कोणी तो 'सुधारून' सेवाग्राम केला तर तेवढा पुरावा गेला.

बाकी शत्रू नेहमीचेच. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कागद कडक होऊन घडीवर तुटतो, लगेच पावसाळ्यात तोच ओल धरतो, बुरशी येते, वाळवी तर बाराही महिने. पत्रं भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये, सुती फडक्यात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डब्यात, फळीवर ठेवावी. जुन्या दप्तरांचे 'रुमाल' बांधायचे ते याचसाठी. सेलोटेप लावू नये, आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते पुन्हा निघत नाही, शाईपेनाचं अक्षर असेल तर पाण्याचा हातही लावू नये.

एक भांडणाचा मुद्दा राहतो. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा, त्यामुळे वाटणीची, सोयरिकीची, कर्जाची पत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी दोन्हीकडच्या घरी विचारावं लागतं.