फोर्टात दुपारचा चहा बसून कुठे प्यायचा? पार्श्वभूमी

फोर्ट, काळाघोडा, चर्चगेट या पट्ट्यात दुपारी साडेतीन-चारला चहा हवा असेल तर चहाची अडचण नाहीये, टपरी पावलापावलावर आहे आणि कटिंग बहुतेक ठिकाणी चांगलंच मिळतं. अडचण बसायची आहे. तासभर, दीड तास निवांत बसता आलं पाहिजे, कोणी येऊन "और कुछ?" म्हणत डोक्यावर उभं राहता कामा नये आणि दोघांचं मिळून बिल खिशाला झेपलं पाहिजे. अशा जागा या भागात पूर्वी भरपूर होत्या, आता फार थोड्या उरल्यात. त्या का गेल्या असं विचारलं की सगळे एकच सांगतात, पब्लिकची चव बदलली, नवी पोरं कॉफीकडे वळली वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. चहा पिणारे कमी झालेलेच नाहीयेत. या जागांचं काय झालं ते भाडं, पागडी, दारूचे नियम आणि ऑफिसं कुठे हलली यावरून ठरलं, आणि ते नीट बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

अगदी जुनं थोडक्यात सांगतो कारण इराण्यांची गोष्ट बहुतेकांना माहितीये. इराणच्या यझ्द, करमान या भागातून लोक आले, कोपऱ्यावरचे गाळे घेतले, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. धोबीतलावची कयानी १९०४ ची, ससानियन १९१३ ची, फोर्टातलं कॅफे मिलिटरी १९३३ चं. ताज १९०३ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी सरकारने चहाच्या निर्यातीवर सेस बसवणारा कायदा केला, त्यातून चहाच्या जाहिरातीसाठी पैसा उभा राहिला. तो आधी जास्त करून परदेशातच खर्च व्हायचा, मग १९३० च्या मंदीत बाहेर चहा खपेना तेव्हा इथे जोर लावला गेला, फुकट चहा पाजणं, गिरण्यांत आणि ऑफिसात चहाची सवय लावणं वगैरे. म्हणजे फोर्टातल्या कारकुनाला दुपारी चारला चहा लागायला लागला ही सवय बऱ्यापैकी मुद्दाम लावलेली आहे. पण या भागाच्या चहावर खरा परिणाम केला तो त्यानंतरच्या तीन गोष्टींनी.

पहिली गोष्ट भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि ती साधारण १ सप्टेंबर १९४० ला जी होती त्या पातळीवर. त्यामुळे इराण्याला चौकातली मोक्याची जागा जवळजवळ नावाला भाडं भरून वर्षानुवर्षं मिळत राहिली. एका माणसाने एक पानी कम (म्हणजे कडक चहा) आणि एक ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) घेऊन पाऊण तास टेबल अडवलं तरी मालकाला त्रास नव्हता कारण त्या टेबलाखालच्या जमिनीला काही खर्चच पडत नव्हता. आपण ज्याला इराण्याचा दिलदारपणा म्हणतो त्यात स्वभावाचा भाग असेलच, पण त्यामागे हा कायदा उभा होता हे कोणी लिहीत नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे घरमालकाला काही सुटत नव्हतं म्हणून बिल्डिंगची दुरुस्ती होत नव्हती, आणि भाडेकरूने जागा सोडायची ठरवली की पागडीची मोठी रक्कम यायची, त्यातला एक हिस्सा घरमालकाला. पुढच्या पिढीतली मुलं डॉक्टर, सीए झाली, बाहेरदेशी गेली, त्यांना पहाटे उठून पावाची भट्टी बघायची नव्हती. मग चहा विकून वर्षाला मिळायचं ते एका बाजूला आणि जागा सोडून एकदम मिळणारं ते दुसऱ्या बाजूला, हा हिशोब कोणीही करेल. इतके इराणी बंद पडले त्यात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बंद पडलेले किती असतील असा मला कायम प्रश्न पडतो, कारण जे चालू आहेत तिथे आजही संध्याकाळी टेबलासाठी थांबावं लागतं.

दुसरी गोष्ट दारूबंदी. १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारू बंद झाली आणि पन्नासच्या दशकात चर्चगेटच्या रस्त्यावर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर, रेस्टॉरंटांची जी रांग उभी राहिली तिला चहा-कॉफी, केक आणि बँड यांच्यावरच गिऱ्हाईक खेचावं लागलं. गेलॉर्ड १९५६ चं, अजून आहे. त्याच रस्त्यावर रेशम भवनमध्ये टी सेंटर होतं, तिथे दार्जिलिंग, आसाम, निलगिरी असा वेगवेगळा चहा किटलीत यायचा, दूध वेगळं. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या माणसाला दुधाशिवायचा चहा पहिल्यांदा चाखायला मिळाला तो बऱ्याचदा अशा ठिकाणी. पुढे साठ-सत्तरच्या दशकात दारूचे नियम सैल होत गेले, परमिट रूम आल्या, आणि बऱ्याच इराण्यांनी बिअरचं लायसेन्स घेतलं. कुलाब्याची दोन जुनी नावं, लिओपोल्ड आणि मोंडेगर, आज कोणी चहासाठी घेत नाही, बिअरसाठी घेतात. यात चूक काही नाही, एका बिअरवर जे सुटतं ते दहा चहांवर सुटत नाही. पण दुपारची चहाची टेबलं तिकडे गेली ती परत आली नाहीत.

तिसरी गोष्ट ऑफिसं. ती पुढे येईल, कारण आधी समोवार.

काळाघोड्याचं समोवार हे कॅफे १९६४ ला जहांगीर आर्ट गॅलरीत सुरू झालं आणि ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. गॅलरी १९५२ ची. जागा म्हणाल तर एक लांबट अरुंद पट्टी, आगगाडीच्या डब्यासारखी, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या म्युझियमच्या आवारातली झाडं. पुदिन्याचा चहा, खिमा पराठा, बोटी रोल, दहीवडा, पेरूचा ज्यूस. ज्या चित्रकाराचं प्रदर्शन आत लागलेलं असायचं तो शेवटी इथेच येऊन बसायचा, समीक्षक इथेच, जेजे आर्ट कॉलेजची पोरं इथेच, हायकोर्टातले वकीलही. नावाजलेले आणि अजून एकही चित्र न विकलेले शेजारी शेजारी बसायचे, आणि उधारीवर जेवलेल्यांच्या आठवणी नंतर कितीतरी जणांनी सांगितल्या.

वाद जागेचा. गॅलरी चालवणाऱ्या ट्रस्टचं म्हणणं, जागा आमची आहे, आम्हाला गॅलरीच्याच कामासाठी हवी आहे. हे प्रकरण बरीच वर्षं कोर्टात होतं आणि शेवटी समोवारला जागा सोडावी लागली. या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवं म्हणून ट्रस्टची बाजू आधी. जहांगीरमध्ये हॉल मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे कोणीही चित्रकार सांगेल. गॅलरीत यायला तिकीट नाही. अशा संस्थेला एकेक फूट महत्त्वाचा आहे. सार्वजनिक ट्रस्टची मालमत्ता एका खाजगी व्यवसायाकडे पन्नास वर्षं राहावी का, हा प्रश्नही योग्यच आहे, आणि शहरात दुसऱ्या कुठल्या ट्रस्टबद्दल असं असतं तर आपणच पहिले ओरडलो असतो.

इतकं मान्य करूनही मला वाटतं की निर्णय चुकला. कायद्यात चुकला असं म्हणत नाहीये, विचारात चुकला. चित्र बघणं म्हणजे भिंतीसमोर दहा मिनिटं उभं राहणं नव्हे, बघून झाल्यावर त्यावर भांडायला एक टेबल लागतं, आणि ज्याने चित्र काढलंय तो हाताच्या अंतरावर बसलेला असणं हे तर कुठल्याच हॉलमध्ये होत नाही. समोवार हा गॅलरीचाच भाग होता, पाच हॉल आणखी बांधले तरी ते त्यातून मिळणार नाही. उपाय निघाला असता, नवीन अटी घालता आल्या असत्या, भाडं बाजाराप्रमाणे वाढवता आलं असतं, वेळ ठरवून देता आली असती. बंद व्हायच्या आधीच्या मार्चमध्ये लोक रांगा लावून शेवटचा चहा प्यायला आले होते, ते सगळे काही जुन्या आठवणींनी गहिवरलेले म्हातारे नव्हते, कॉलेजची पोरंही होती.

आणि इथे भाडे कायद्याचा अजून एक धागा येतो जो सहसा सुटतो. १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक लायसेन्सवर, म्हणजे भाडेकरू न होता नुसत्या वापराच्या परवानगीवर, जागेत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्या दिवसापासून मुंबईतल्या प्रत्येक जागामालकाने धडा घेतला की एकदा कोणाला बसू दिलं की तो उठत नाही. तिथून सगळा कारभार कमी मुदतीच्या लीव्ह अँड लायसेन्सवर गेला, मुदत संपली की चावी परत. १९९९ चा नवीन भाडे कायदा आला, २००० पासून लागू झाला, त्यात बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं, पण जुने छोटे पागडीवाले तसेच राहिले. आज फोर्टात जो नवीन कॅफे उघडतो तो चार-पाच वर्षांच्या करारावर, बाजारभावाने. त्याला दर महिन्याला जे भाडं भरायचंय ते बघितलं तर एका टेबलावर दोन माणसं एक किटली घेऊन दीड तास बसली की त्याचं नुकसानच होतं. वेटर डोक्यावर उभा राहतो तो उद्धट असतो म्हणून नाही, त्या टेबलावर अजून दोन गिऱ्हाइकं बसवायची असतात म्हणून. म्हणजे एकीकडे भाडं गोठलेलं म्हणून बसू देणारे, पण वारस नाहीत आणि बिल्डिंग मोडकळीला आलेली, आणि दुसरीकडे सगळं चकचकीत पण बसू न देणारे. मधलं काही उरलंच नाही, आणि मध्ये जे होतं ते समोवारसारखं संस्थेच्या आधाराने उभं असलेलं.

समोवारच्या आगेमागे काळाघोड्याचं बरंच काही गेलं. वेसाईड इन हे रेस्टॉरंट त्याच्याही आधी गेलं, जिथे मराठी-इंग्रजी कवी अरुण कोलटकर खिडकीशी बसून समोरचा चौक बघत असायचा. ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झालं. गंमत म्हणजे चौकाला नाव देणारा काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ लाच राणीच्या बागेत हलवला होता, आणि २०१७ मध्ये नवीन घोडा, स्वार नसलेला, बसवला. घोडा परत आला तेव्हा भोवतालच्या बसायच्या जागा निघून गेलेल्या होत्या.

आता ऑफिसं. हिरे बाजार २०१० मध्ये बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) सुरू झाला, त्याआधी-नंतर बँका आणि ब्रोकर तिकडे सरकत गेले. फोर्टातली चारची गर्दी म्हणजे ऑफिसची गर्दी, ती पातळ झाली की चहाचा धंदाही पातळ होतो. मग २०२० चा लॉकडाऊन आणि घरून काम. ऑफिसं तिकडे सरकत होती त्याच काळात स्टारबक्स ही परदेशी कॉफीची साखळी मात्र फोर्टातच आली, देशातलं तिचं पहिलं दुकान १९ ऑक्टोबर २०१२ ला हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. तिथे तासन्‌तास बसू देतात हे खरं आहे, पण जागेचं भाडं कपाच्या किमतीत आधीच घेतलेलं असतं. त्यांनाही दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, मेन्यूत मसाला चहा आणि छोटा कप आणावा लागला. चव बदलली म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आज बसायचं असेल तर काय उरतं? धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी आहेच, लाल चौकड्यांचं टेबलक्लॉथ, चहात ब्रून बुडवला की वर मस्क्याचे पिवळे गोल थेंब तरंगतात, आणि मावा केक संपायच्या आत जायचं. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ चं ब्रिटानिया चहासाठी चालणार नाही, ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे आणि चारला बंद व्हायच्या बेतात असतं, लोक उगाच तिथे पोचतात आणि परत फिरतात. खिसा गरम असेल तर ताजचं सी लाउंज, पहिल्या मजल्यावर, खिडकीतून गेटवे आणि बोटी. २००८ च्या हल्ल्यानंतर ताजची जुनी इमारत २०१० मध्ये पुन्हा उघडली तेव्हा तेही परत सुरू झालं. तिथल्या चहाबरोबर सँडविच आणि स्कोनच्या शेजारी शेवपुरी, भेळही असते, आणि मुलगा-मुलगी दाखवायचे कार्यक्रम तिथे पिढ्यानपिढ्या झालेत. माणशी बिल हजारांत जातं. कयानीत चौघांचं पोटभर होऊन त्याच्या जवळपासही जात नाही, आणि संध्याकाळी पाचनंतर गेलात तर अनोळखी माणसाबरोबर टेबल वाटून घ्यावं लागेल, ती तिथली पद्धतच आहे.