पार्श्वभूमी : चळवळीचं पुस्तक कुणाच्या पैशाने छापायचं?

डिसेंबर २०२१ मध्ये नाशकात एकाच आठवड्यात दोन साहित्य संमेलनं झाली. ३ ते ५ तारखेला आडगावला ९४ वं अखिल भारतीय संमेलन होतं, तर ४ आणि ५ तारखेला त्याला पर्याय म्हणून भरणारं १५ वं विद्रोही संमेलन. पहिल्याला सरकारी अनुदान होतं. दुसरं 'एक मूठ धान्य, एक रुपया' या हाकेवर उभं राहिलेलं. बातम्यांत गर्दीची तुलना झाली, निरोपाच्या दिवशी आडगावच्या आवारात एका संपादकावर शाई फेकली गेली त्याची चर्चा झाली. पैशांचा प्रश्न बाजूलाच राहिला. फुले-आंबेडकरी चळवळीत लिहिणाऱ्यांना मात्र तो सव्वाशेहून जास्त वर्षं सतावतो आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ग्रंथकार सभेचं, म्हणजे तेव्हाच्या साहित्य संमेलनाचं, निमंत्रण नाकारलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याही आधीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' क्रमशः छापायला घेतलं ते त्यांच्याच सत्यशोधक चळवळीतल्या 'दीनबंधू' या पत्राने. दोन प्रकरणं छापून झाल्यावर पुढची थांबवली. म्हणजे हात आखडला तो आपल्याच माणसाचा. स्वतंत्र प्रकाशन म्हटलं की समोर सरकार किंवा बडा प्रकाशक उभा केला जातो, पण लेखकाला अडवणारा कधी कधी आपल्याच पंगतीत बसलेला असतो.

नाशकात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा तपशील इथे द्यायची गरज नाही. एवढंच लक्षात घेण्यासारखं आहे की २ मार्च १९३० ला तो सुरू झाला तेव्हा चळवळीकडे स्वतःचं वृत्तपत्र नव्हतं. आंबेडकरांचं 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडलं होतं आणि 'जनता' नोव्हेंबर १९३० मध्ये निघालं. मधल्या काळात रामकुंडाजवळ काय घडतंय हे लोकांना कळायचं ते दुसऱ्यांच्या छापखान्यातून. त्याच सुमारास नाशिकरोडला सरकारी कारखान्यात नोटांची छपाई जोरात सुरू झाली होती, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

स्वातंत्र्यानंतर या जिल्ह्याने दोन नावं दिली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक आणि विहितगावचे कथाकार बाबुराव बागूल. वामनदादांची गाणी आधी गळ्यातून फिरली, कागदावर नंतर आली. बागुलांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली आला आणि दलित कथेची भाषाच बदलली. 

नाशकात जे टिकलं ते पुस्तिकेचं रूप. सोळा पानी एक फर्मा, फार तर दोन, मध्ये दोन पिना, रंगीत कागदाचं मुखपृष्ठ. मलपृष्ठावर 'किंमत' असं न लिहिता 'देणगी मूल्य' लिहायचं, कारण विकली नाही तरी वाटता आली पाहिजे. पूर्वी खिळे जुळवून ट्रेडल या छोट्या छपाईयंत्रावर काम चालायचं, मग संगणकावरची जुळणी म्हणजे डीटीपी आलं, ऑफसेट आलं. मजकूर कार्यकर्त्याचा, मुद्रितं तपासणार कुणीतरी शिक्षक, कागदाचं बिल पदरमोड करून. विक्रीचे दिवस ठरलेले : १४ एप्रिल, १३ ऑक्टोबरला येवल्याची मुक्तिभूमी (आंबेडकरांच्या धर्मांतर-घोषणेची जागा), ६ डिसेंबरला दादर. उरलेल्या प्रती ज्याच्या घरी जागा असेल त्याच्या माळ्यावर. या पद्धतीत प्रकाशक, वितरक आणि हमाल हे बहुधा एकच असतात.

आता वादाच्या मुद्द्याकडे. १९९९ साली मुंबईच्या संमेलनावेळी सत्तेतल्या एका नेत्याने साहित्यिकांना अनुदानावरून सुनावलं. त्याच वर्षी धारावीत पहिलं विद्रोही संमेलन झालं आणि अध्यक्षपदी होते बाबुराव बागूल. सरकारचा पैसा घ्यायचा नाही हा निर्णय तिथे पक्का झाला. त्यावर तेव्हापासून दोन मतं आहेत आणि दोन्ही एकाच चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात. एक मत असं की अनुदान म्हणजे लोकांनीच भरलेला कर, शेतमजूरही काडेपेटी घेताना तो भरतो, मग आपलाच वाटा नाकारायचा कशाला? दुसरं मत असं की पैसा देणारा आज काही मागत नाही, पण उद्या पाहुण्यांच्या यादीवर बोट ठेवतो. मोठ्या संमेलनाचं अनुदान आधी ५० लाख झालं, पुढे २ कोटी. रक्कम वाढली तशी दुसऱ्या मताची धारही वाढली.

मला दुसरं मत जास्त पटतं, पण नकाराची रेघ दिसते तितकी सरळ नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं. गावातलं ग्रंथालय नवी पुस्तकं घेतं ती बरीचशी त्याच पैशातून, शासनमान्य ग्रंथयादी समोर ठेवून. मंडपाचं अनुदान नाकारणारा प्रकाशक आपलं पुस्तक यादीत यावं म्हणून प्रती पाठवतोच, आणि पाठवावंही. नाहीतर निफाड किंवा सुरगाण्याच्या वाचकापर्यंत ते जाणार कसं? यावर कुणी फारसं बोलत नाही. मंडपाचा पैसा दिसतो, कपाटाचा दिसत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये या वादाला नवं कारण मिळालं. राज्य सरकारने एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार आठवड्याभरात रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काहींनी राजीनामे दिले, काहींनी आपले पुरस्कार परत केले. अनुदान घ्यावं म्हणणाऱ्यांना त्यानंतर बराच काळ नीट उत्तर सापडेना.

सध्याची अडचण मात्र विचारांची कमी आणि टपालाची जास्त आहे. पुस्तकांवर जीएसटी नाही, पण कागदावर आहे आणि तो वळता करून घेता येत नाही. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची सोय, बंद केलं. छोट्या प्रकाशकाची मनीऑर्डर-बुकपोस्टवर बसलेली घडी एका झटक्यात विस्कटली. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही टपालसेवा सुरू झाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये. पण त्यात शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी वर्गवारी आहे. दोन पिनांची, 'देणगी मूल्य' छापलेली पुस्तिका यातल्या कुठल्या खान्यात बसवायची, हे खिडकीपलीकडच्या माणसालाही कित्येकदा सांगता येत नाही. मग ती कुरिअरने जाते आणि पुस्तिकेपेक्षा पाठवणीच महाग पडते.