पुढचा गिअर कोण ओळखणार?

सोलापूरच्या पूर्व भागात मामांचा चादरीचा कारखाना होता. सुट्टीत तिथं गेलो की माझं लक्ष धोट्याकडे नसायचं, मागावर उंच बसवलेल्या जकार्डकडे असायचं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ फिरायची आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जायचे. जुन्या सिंगल लिफ्ट जकार्डात धागे उचलणारी चौकट एकच असते. ती पूर्ण खाली आल्याशिवाय पुढची उचल होत नाही. डबल लिफ्टमध्ये चौकटी दोन. एक वर असते तेव्हा दुसरी खाली पुढच्या पुठ्ठ्याप्रमाणे धाग्यांचे आकडे, म्हणजे हूक, निवडून तयार बसलेली असते. एक उतरते तशी दुसरी चढते.

पुढे ड्युअल क्लच गिअरबॉक्स कसा चालतो ते वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर पहिल्यांदा हेच जकार्ड आलं.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि चाकांच्या मध्ये ताकद जोडणारा-तोडणारा क्लच एकच. तो दाबायचा, एक गिअर काढायचा, दुसरा टाकायचा, आतल्या सिंक्रोनायझरच्या रिंगा दोन्हीकडचे फेरे जुळवतात, मग क्लच सोडायचा. सराईत हातालाही अर्धा सेकंद लागतोच, आणि तेवढा वेळ चाकांकडे ताकद जात नाही. ड्युअल क्लचमध्ये एका पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा शाफ्ट जातो. एकावर पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. दोघांना आपापला क्लच. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो, फक्त त्याचा क्लच सुटा असतो. बदलायच्या क्षणी एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो. चाकांना पत्ताही लागत नाही.

ही कल्पना 1939 मधली आहे. अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरनं ती मांडली. हा गडी त्याआधी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा आणि बर्फातून जाण्यासाठी त्यानं गाडीच्या मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले होते. महायुद्ध आलं आणि त्याचा गिअरबॉक्स बाजारापर्यंत पोचलाच नाही. 1980 च्या दशकात पोर्शनं 956 आणि 962 या रेसच्या गाड्यांत तो चालवून पाहिला. पण दोन क्लच एकाच वेळी इतक्या नेमकेपणानं हलवायला चपळ कॉम्प्युटर लागतो. त्यामुळे कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडणाऱ्या गाडीत तो आला 2003 मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर 32 मध्ये.

नंतर शर्यत एकतर्फीच झाली. 2019 ची पोर्श 911 कॅरेरा एस मॅन्युअलमध्ये 0 ते 100 किलोमीटर वेग 4.2 सेकंदांत गाठते, ड्युअल क्लचमध्ये 3.7 सेकंदांत. मॅन्युअल गाडी हलकी असूनही हरते.

तरी 2013 मध्ये पोर्शनं 911 जीटी 3 फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली तेव्हा चाहते रुसले. 2016 मध्ये कंपनीनं 911 आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त 991 गाड्या. पुढच्या वर्षी जीटी 3 मध्येही क्लचचं पेडल परत आलं. हळू गाडीसाठी एवढा हट्ट? नुसती हौस म्हणून मी ते सोडून द्यायला तयार नाही, कारण त्यामागे एक खरीखुरी अडचण आहे. जकार्डाचे पुठ्ठे ओळीनं ओवलेले असतात, पुढची उचल कोणती हे ठरलेलं असतं. रस्ता असा ओवलेला नसतो. गिअरबॉक्स वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पाहून अंदाज बांधतो. चौथा तयार ठेवला आणि तुम्ही ओव्हरटेकसाठी अचानक पाय दाबलात, तर चौथा काढून दुसरा टाकावा लागतो, आणि गाडी क्षणभर विचारात पडते. ड्रायव्हरला मात्र वळणापलीकडून येणारा ट्रक आधीच दिसलेला असतो.

दुसरी अडचण उष्णतेची. थांबलेली गाडी उचलताना क्लच घसरत धरतो, आणि इंजिनाचे फेरे कायम असतील तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. 1300 किलोची गाडी 20 किलोमीटर वेगाला नेताना हे सुमारे 20 किलोज्यूल होतात. एवढ्यात पाव कप पाणी उकळीला येतं. एकदा ठीक आहे. पण पहिल्या गिअरमध्ये इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं सुरू असलं तरी गाडी सहा-सात किलोमीटर वेगानं जाऊ पाहते. गर्दी त्याहून हळू सरकत असेल तर क्लच पूर्ण धरतच नाही, नुसता घासत राहतो.

हे मी संक्रांतीला पाहिलं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, सगळे रस्ते वळवलेले, आणि चुलतभावाची नवी ड्युअल क्लच ऑटोमॅटिक पाऊण तास गोगलगायीसारखी सरकत होती. आधी जळका वास, मग डॅशबोर्डवर इशारा: गिअरबॉक्स गरम झाला आहे, गाडी थांबवा. महिना जानेवारी होता, मे नव्हे! त्याचं चुकत होतं ते एवढंच, की तो ब्रेक पूर्ण दाबून थांबत नव्हता, अर्धवट दाबून पुढच्या गाडीच्या मागे चिकटत होता. पुढे चार पावलं मोकळी होऊ द्यायची आणि मग एकदाच उचलायची, हे मॅन्युअलवाल्याला पाय दुखला की आपोआप कळतं. ऑटोमॅटिकमध्ये पाय दुखत नाही.

यावर उपाय म्हणजे क्लचच्या प्लेटा तेलात बुडवणं. तेल उष्णता वाहून नेतं. निस्सान जीटी-आरसारख्या दांडग्या गाड्यांत असाच ओला क्लच असतो, आणि 2022 मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्येही तोच घातला. तेल फिरवायला थोडी ताकद जाते, पण आपल्याकडच्या उन्हाला आणि गर्दीला कोरड्यापेक्षा ओलाच बरा असं माझं मत.

चुलतभाऊ आता गाडीवर खूश आहे. परवा तुळजापूरला गेलो, घाटात समोर उसाचा ट्रॅक्टर. त्याला ओलांडून पुढे जायला जागा दिसली, आणि ॲक्सिलरेटरला हात लावायच्या आधी, म्हणजे पाय लावायच्या आधी, त्यानं स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दोनदा ओढलं. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. मग पाय दाबला.