भाकरी बंद, तूप सुरू; एलडीएल का चढलं?

ज्वारीच्या मुलखात, परभणी-लातूरकडे, भाकरी सोडून पनीर, अंडी अन् तुपावर, म्हणजे कमी पिष्टाच्या ‘लो-कार्ब’ आहारावर राहणारे आता सहज भेटतात. साखर उतरते, पोट आत जातं. मग लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट येतो, त्यात एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेलं. डॉक्टर म्हणतात, गोळी सुरू करू. पेशंट मनात म्हणतो, यांना लो-कार्बमधलं काय कळतं! आणि आपण काय खातो ते सांगतच नाही. खरी गडबड इथंच होते.

समजा, आधी एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 35, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 250. काही महिन्यांनी अनुक्रमे 252, 45 आणि 110. पिष्टमय, गोड कमी झालं की यकृत ट्रायग्लिसराइड कमी बनवतं. तो आकडा उतरणारच. एलडीएल मात्र बऱ्याच लॅब थेट मोजत नाहीत, 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्रानं काढतात: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. आधी 125, आता 185. (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही.)

‘बाकीचं सुधारलं ना, मग एलडीएल सोडा’ हे मला पटत नाही. एकूणमधून नुसतं ‘चांगलं’ एचडीएल वजा करा, म्हणजे उरतं ते बाकीचं कोलेस्टेरॉल: तेही 175 चं 207 झालं. शंका उरली तर अपोबी तपासणीबद्दल विचारावं. एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे कण किती आहेत याचा अंदाज येतो.

एलडीएल रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर यकृतावर असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. तूप-लोण्यातली संपृक्त चरबी या रिसेप्टरांचं काम मंदावते आणि एलडीएल रक्तात रेंगाळतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं: ‘भाकरी कमीच ठेवतो, पण तुपाऐवजी करडईचं तेल, शेंगदाणे घेऊन पुन्हा तपासू का?’ करडई तर मराठवाड्याचीच.

वजन अजून उतरतंय का, थायरॉइड तपासलंय का, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला होता का, हेही सांगावं. एलडीएल 190 च्या वर असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो. तिथं नुसत्या पथ्यावर भागत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असेल, तर मात्र भाकरी बंद करण्याआधीच डॉक्टरांना गाठावं. डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येऊन घाम फुटतो, चक्कर येते, शुद्धही हरपू शकते.