प्रकरणवार वाचन

प्रकरणांत विभागलेले एखादे गोष्टीचे पुस्तक प्राथमिक वर्गातील मुलांनी शिक्षकाच्या सोबतीने, रोज थोडे थोडे करत, काही आठवड्यांत वाचून पुरे करण्याची पद्धत. साधारणपणे ७ ते १० वर्षे वयाच्या मुलांसाठी ती वापरतात. चित्रपुस्तकात अर्थाचा बराचसा भार चित्रे उचलतात आणि गोष्ट एका बैठकीत संपते. प्रकरणांच्या पुस्तकात चित्रे तुरळक असतात आणि गोष्ट आज मध्येच सोडून उद्या पुन्हा धरावी लागते. नवा वाचक अडतो तो इथेच. शब्द न् शब्द वाचता येत असूनही सोमवारी भेटलेले पात्र गुरुवारी त्याच्या लक्षात राहिलेले नसते.

जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनविकासाचे टप्पे मांडले, त्यांत आधी ‘वाचायला शिकणे’ आणि पुढे ‘शिकण्यासाठी वाचणे’ असा भेद आहे. प्रकरणांचे पुस्तक या दोहोंच्या सांध्यावर हाती येते. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार, असे सूत्र दिले. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असली की सगळेच शून्य. घडाघडा वाचणाऱ्या मुलाला गोष्ट कळलीच असेल असे शिक्षकाने धरून चालू नये, ते यासाठी.

पुस्तक निवडताना शब्दांची काठिण्यपातळी पाहतातच, पण विषयाची ओळखही तितकीच महत्त्वाची ठरते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना त्या खेळावरचा उतारा, खेळाची माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक समजला होता. त्यामुळे गोष्ट समुद्रावरची असेल, तर शीड आणि सुकाणू म्हणजे काय हे आधी दाखवलेले बरे. मात्र असे तीन-चार शब्द पुरेत. वीस शब्दांची यादी फळ्यावर आली की गोष्ट सुरू होण्याआधीच धडा होऊन बसते.

पहिले प्रकरण बहुधा शिक्षक स्वतः वाचून दाखवतो. निवेदकाचा सूर, पात्रांची बोलण्याची ढब आणि नावांचे उच्चार एकदा कानावर पडले की पुढची वाट सोपी होते. त्यानंतर जोडीने वाचन, समूहवाचन, मूकवाचन असे प्रकार आलटून पालटून योजतात. पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायला लावण्याची जुनी रीत अजूनही दिसते, पण तिच्यावर बरीच टीका झालेली आहे आणि ती रास्त आहे. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे मूल मोजत बसते, तोवर गोष्ट पुढे गेलेली असते. अडखळत वाचणाऱ्याची सगळ्यांसमोर फजिती होते ती वेगळीच.

या पद्धतीतले खरे कसब मात्र दोन बैठकांच्या सांध्यात असते. ‘काल कुठे थांबलो होतो?’ या प्रश्नाला मुलांनीच दोन-तीन वाक्यांत उत्तर द्यायचे असते. शिक्षकाने सारांश सांगून टाकला, तर आठवण्याचे काम त्याच्याकडेच राहते. पात्रांची नावे आणि नाती लिहिलेला तक्ता भिंतीवर लावून प्रत्येक प्रकरणानंतर त्यात भर घालतात. थांबायचे कुठे, हेही आधी ठरवावे लागते: दार वाजले, पण उघडलेले नाही, अशा जागी थांबले की पुढचा अंदाज मुले आपणहून बांधू लागतात.

ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये अभ्यासलेल्या ‘परस्पर अध्यापन’ पद्धतीत अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, न कळलेले उलगडणे आणि सारांश सांगणे अशी चार कामे आहेत. आधी शिक्षक ती करून दाखवतो आणि मग मुले आळीपाळीने गटाचे शिक्षक होतात. ‘कुत्र्याचे नाव काय?’ यासारखा प्रश्न स्मरण तपासतो. ‘तिने पत्र का लपवले असेल? कशावरून म्हणतोस?’ असे विचारले, की मुलाला पान उलटून पुरावा शोधावा लागतो.

प्रत्येक प्रकरणामागे स्वाध्यायपत्रिका जोडण्याचा मोह या पद्धतीला सर्वाधिक मारक ठरतो. एका प्रकरणाला आठवडा लागू लागला की धागा तुटतो. शेवटची प्रकरणे पुष्कळदा मुलांनाच एकट्याने वाचू देतात; तोवर काहींनी ती चोरून वाचलेलीही असतात.