मोरचुदाच्या परीक्षेत सापडलेलं यीस्ट

मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) म्हणजे काय, हे सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्ष बागायतदाराला सांगावं लागत नाही. चुन्यात कालवून केलेलं बोर्डो मिश्रण वेलीवरच्या केवडा या बुरशीरोगावर फवारण्यात त्याची हयात गेलेली असते. हाच निळा खडा बीअर बिघडवणारं यीस्ट शोधायलाही लागतो.

बीअर होते यीस्टमुळे आणि नासते तीही कधीकधी यीस्टमुळेच. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक दिसेलच असं नाही. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. बीअरला येणारी घाण चव घुसखोर यीस्टची होती, हेही त्यानंच दाखवलं.

रूप सारखं, मग खाण्यावरून ओळखायचं. नायट्रोजनसाठी फक्त लायसीन हे अमिनो आम्ल ठेवलेल्या, जेलीसारख्या खाद्याच्या प्लेटवर बीअरचं यीस्ट उपाशी राहतं. द्राक्षाच्या सालीवरची बरीचशी जंगली यीस्टं मात्र मजेत वाढतात. (सालीवरची पांढरी भुकटी म्हणजे यीस्ट नव्हे, ते मेण.) आम्ही मार्चमध्ये बाजारातली द्राक्षं खळबळून ते पाणी अशा प्लेटवर पसरलं. शेजारच्या प्लेटवर बेकरीचं यीस्ट, तेही बीअरच्या यीस्टचंच भावंड. ते आधी नीट धुवावं लागतं, नाहीतर सोबत आलेल्या शिदोरीवर तेही थोडं वाढून फसवतं. तापमान हवं २८ अंशांच्या आसपास. सोलापुरात इन्क्युबेटरला तापवण्यापेक्षा गार ठेवण्याचीच कसरत! चौथ्या दिवशी द्राक्षाच्या प्लेटवर सायीसारखे ठिपके, दुसरी कोरी.

पण घुसखोर बीअरच्या यीस्टच्याच कुळातला असेल तर लायसीन फसतं. तिथे प्लेटमध्ये मोरचूद घालायचं. बीअरच्या बहुतेक यीस्टना तांबं सोसत नाही, बऱ्याच जंगली भाऊबंदांना सोसतं. वाइनची यीस्टं तर तांब्याला चांगलीच सरावलेली. पिढ्यान्‌पिढ्या बागांत मोरचूद मारल्याचा हा परिणाम असावा, असं मानतात.

सगळ्यांत बेरकी घुसखोर यीस्ट म्हणजे डायास्टॅटिकस. बीअरचं यीस्ट डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे तुकडे, पचवू शकत नाही, ते तसंच उरतं. हा पठ्ठ्या स्टा-१ या जनुकाच्या जोरावर विकर सोडून त्याचीही साखर करतो. बाटली बंद झाल्यावरही कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि काच फुटते. मोरचुदाच्या प्लेटवर तो नेहमी सापडत नाही. पीसीआर ही डीएनएची चाचणी त्याचं जनुक काही तासांत दाखवते. पण जनुक असूनही काही वाण सुस्त असतात. म्हणून डेक्स्ट्रिनच्या द्रावणात इवलीशी नळी उपडी बुडवून ठेवतात, आणि तिच्यात बुडबुडा अडकतो का, ते रोज बघतात.